ई-मेल आला, पण पाठवला कोणी?



मागील गळीत हंगाम संपत आला असताना एक प्रकार घडला. आपल्यापैकी पुष्कळांच्या तो कानावर आला असेल. 'आपल्या ऊस बिलाचा हप्ता बँकेकडून परत आला आहे, तरी खालील ठिकाणी खाते क्रमांक व ओटीपी भरावा,' असा ई-मेल काही सभासदांना आला. वर कारखान्याचे नाव, खाली कारखान्याचा पत्ता, आणि पाठवणाऱ्याच्या जागी आपल्याच कारखान्याचा ई-मेल पत्ता, अक्षर न् अक्षर तोच. बहुतेकांनी गट ऑफिसला फोन लावून खात्री करून घेतली. एका सभासदाने मात्र बिलाची वाट पाहून पाहून ती माहिती भरली आणि संध्याकाळपर्यंत खाते रिकामे झाले. खताची उधारी आणि मुलीच्या कॉलेजची फी त्याच पैशांत भागायची होती.

ते कारखान्यावर आले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "अहो, पत्ता तर तुमचाच होता की! मग मी चुकलो कुठं?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधताना आम्हाला बरेच शिकायला मिळाले, आणि खरे सांगायचे तर थोडी शरमही वाटली. कारण त्यांची चूक असेल नसेल, आमची निश्चित होती. ती कोणती, आणि आता काय केले आहे, हे सर्व सभासदांपुढे मांडणे आमचे कर्तव्य आहे.

नाव लिहायला कोणाची परवानगी लागते?

पोस्टाच्या पाकिटावर 'प्रेषक' म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो. पोस्टमन त्याची चौकशी करीत नाही, तो फक्त पत्र कोणाकडे पोचवायचे ते पाहतो. ई-मेलचेही तसेच आहे. एका मेल सर्व्हरने दुसऱ्याला पत्र कसे द्यावे याचे नियम अमेरिकेत जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून प्रसिद्ध केले. त्या वेळी त्या जाळ्यावर विद्यापीठे, संशोधन संस्था आणि लष्कराची कार्यालये अशी मोजकीच मंडळी होती. वाडीवस्तीवर जसे सगळे एकमेकांना ओळखतात, तसाच तो कारभार. समोरच्या यंत्राने 'मी अमक्याकडून आलो' म्हटले की यांनी मान डोलवायची.

पुढे ती वस्ती जगाएवढी झाली, पण मान डोलवण्याची पद्धत तीच राहिली. विश्वास पानिपतात गेला, असे आपली जुनी माणसे म्हणत. ई-मेलच्या जगाला ते उशिरा कळले. आपल्या कारखान्याचा पत्ता लिहिण्यासाठी त्या लबाडाला आपल्या सर्व्हरमध्ये शिरावे लागले नाही, की कोणाचा पासवर्ड चोरावा लागला नाही. त्याने फक्त ते नाव लिहिले.

वही कोणती आणि कोठे असते?

आता आपल्या केन यार्डात काय होते ते आठवा. ट्रॅक्टर-ट्रॉली काट्यावर आली आणि ड्रायव्हर म्हणाला, "अमक्यांच्या मळ्यातला ऊस हाय," तर काटा क्लार्क नुसत्या शब्दावर वजन टाकीत नाही. तोडणी स्लिप मागतो आणि नोंद ताडून पाहतो. गट नंबर कोणता, लागण केव्हाची, ८६०३२ आहे की दुसरी जात, चिटबॉयने स्लिप दिली होती की नाही, हे सारे त्यात असते. ड्रायव्हरचे बोलणे एकीकडे, नोंद दुसरीकडे. दोन्ही जुळले तरच गाडी पुढे जाते.

ई-मेलच्या जगातही अशी एक वही आहे. तिला डोमेन नेम सिस्टिम, थोडक्यात डीएनएस म्हणतात. ई-मेल पत्त्यात 'ॲट द रेट'च्या पुढे जे नाव येते ते डोमेन. पूर्वी सर्व यंत्रांच्या नावांची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी ती यादी आवरेना. म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी वही वाटून देण्याची पद्धत आखली.

ती आपल्या सातबाऱ्यासारखी समजावी. मंत्रालयात राज्यातले सगळे सातबारे ठेवलेले नसतात. पण जिल्हा कोणता, तालुका कोणता, तलाठी सजा कोणता असे विचारीत गेले की योग्य दप्तरापाशी पोचता येते. तसेच येथे. सर्वांत वर 'ए' ते 'एम' अशा तेरा नावांचे मूळ सर्व्हर. ते सांगतात, 'डॉट इन'चे दप्तर अमक्याकडे. 'डॉट इन'वाला सांगतो, या कारखान्याचे दप्तर तमक्याकडे. तेथे आपण स्वतः लिहिलेली नोंद मिळते. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते, आणि मिळालेले उत्तर विचारणारा सर्व्हर काही वेळ लक्षात ठेवतो.

यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की त्या नावाखालची नोंद फक्त नावाचा मालकच लिहू शकतो. वाचू मात्र जगातला कोणीही शकतो. चोर पाकिटावर आपले नाव लिहू शकेल, पण आपल्या वहीत स्वतःचे नाव घुसवू शकत नाही. पुढच्या सगळ्या तपासण्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली तपासणी : गाडीचा नंबर

या नावाची पत्रे कोणत्या सर्व्हरकडे पोचवावीत, ही नोंद १९८६ पासून वहीत असे. या नावाने पत्रे कोण पाठवू शकतो, ही नोंद मात्र नव्हती. ती असावी हा विचार २००२-०३ च्या सुमारास पुढे आला. त्यातून सेंडर पॉलिसी फ्रेमवर्क म्हणजे एसपीएफ ही पद्धत निघाली. तिचे नियम २००६ साली प्रसिद्ध झाले आणि २०१४ साली सुधारून पक्के झाले.

इंटरनेटवरील प्रत्येक सर्व्हरला एक आकडी पत्ता असतो. पाठवणारा नाव खोटे सांगू शकतो, पण बोलणे ज्या आकडी पत्त्यावरून चालू आहे तो त्याला सहसा लपवता येत नाही, कारण उत्तर त्याच पत्त्यावर परत जायचे असते. एसपीएफ म्हणजे मालकाने वहीत टाकलेली यादी : 'आमच्या नावाने पत्रे आणणाऱ्या गाड्यांचे नंबर हे. बाकी सर्व नामंजूर.' पत्र घेणारा सर्व्हर समोरच्याचा आकडी पत्ता पाहतो, पाकिटावर सांगितलेले डोमेन पाहतो, त्या डोमेनची वही उघडतो आणि नंबर यादीत आहे की नाही ते ताडतो.

बरेच सर्व्हर याच्याही आधी एक उलट चौकशी करतात. आकडी पत्त्यावरून नाव काढायचे, मग त्या नावावरून पुन्हा आकडी पत्ता काढायचा. फिरून त्याच जागी आले तर ठीक. गाडीच्या नंबरावरून मालक आणि मालकाच्या कागदावरून पुन्हा नंबर पाहण्यासारखेच हे. भाडोत्री किंवा घरगुती जोडणीवरून पत्रांचा पाऊस पाडणारे पुष्कळ लबाड इथेच अडकतात.

दुसरी तपासणी : शिक्का

पण वाटेत ट्रॅक्टर बंद पडला आणि ट्रॉली दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला जोडून आणली तर? माल तोच, मालक तोच, पण पुढच्या गाडीचा नंबर यादीत नाही. ई-मेलमध्ये हे रोज होते. एखाद्याने आपल्या जुन्या पत्त्यावर येणारी पत्रे नव्या पत्त्यावर आपोआप वळवली की मधला सर्व्हर तिसराच असतो, आणि खरे पत्रही पहिल्या तपासणीत नापास होते.

यासाठी डीकेआयएम नावाची दुसरी पद्धत आहे. याहू आणि सिस्को या कंपन्यांच्या दोन वेगळ्या कल्पना एकत्र करून ती झाली. नियम २००७ साली आले आणि २०११ साली सुधारले. साखरेच्या पोत्याला शिलाई मारून शिक्का मारतात, तसा पत्रावर गणिती शिक्का मारायचा. शिक्का मारण्याची किल्ली फक्त पाठवणाऱ्याच्या सर्व्हरकडे असते. शिक्का ओळखण्याची जोडकिल्ली वहीत उघडी ठेवलेली असते. घेणारा सर्व्हर वहीतून जोडकिल्ली घेतो आणि शिक्का पडताळतो. वाटेत मजकुरातला खाते क्रमांक जरी कोणी बदलला, तरी शिक्का जुळत नाही. गाडी कोणाचीही असो, पोते फोडले आहे की नाही ते समजते.

पाकीट एकाचे, लेटरहेड दुसऱ्याचे

आता आमच्या चुकीकडे येऊ. आपल्या कारखान्याने एसपीएफची यादी वहीत पूर्वीच टाकली होती. मग तो खोटा ई-मेल पास झालाच कसा, हा आम्हालाही प्रश्न पडला. त्या सभासदाच्या परवानगीने संगणक विभागाने तो ई-मेल उघडून त्याची मूळ प्रत पाहिली. तेथे चक्क 'एसपीएफ : पास' असे लिहिलेले होते!

उलगडा असा झाला. ई-मेललाही पाकीट आणि आतले पत्र असे दोन भाग असतात. पाकिटावर एक प्रेषक असतो, तो सर्व्हर आपापसांत वाचतात. आत लेटरहेडवर दुसरा प्रेषक असतो, तो आपल्याला पडद्यावर दिसतो. हे दोन्ही एकच असले पाहिजेत असे १९८२ च्या नियमांत कोठेही नव्हते. त्या लबाडाने पाकिटावर स्वतःचे, रीतसर विकत घेतलेले डोमेन लिहिले. त्याच्या वहीत त्याच्याच सर्व्हरचा नंबर होता, म्हणून पास. आणि आतल्या लेटरहेडवर लिहिले आपल्या कारखान्याचे नाव. काट्यावर गाडीचा नंबर बरोबर निघाला, पण ऊस कोणाच्या नावावर मांडायचा आहे ते कोणी विचारलेच नाही.

ही फट बुजवण्यासाठी डीमार्क नावाची तिसरी नोंद आहे. काही मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन २०१२ साली ती पुढे आणली आणि २०१५ साली तिचे नियम प्रसिद्ध झाले. ती सांगते, की गाडीचा नंबर आणि शिक्का यांपैकी एक तरी खरा उतरला पाहिजे, आणि तो ज्या नावाने खरा उतरला ते नाव लेटरहेडवरील नावाशी जुळले पाहिजे. जुळले नाही तर काय करायचे, हेही मालकच लिहून ठेवतो : 'नुसती नोंद घ्या', 'बाजूला स्पॅममध्ये टाका' किंवा 'दारातूनच परत लावा'. शिवाय आपल्या नावाने कोठून किती पत्रे आली याचा अहवाल, साधारण रोज, मालकाकडे येतो.

ही तिसरी नोंद आपल्या वहीत नव्हती. कोणी आम्हाला अडवले नव्हते, आणि तिला वेगळा खर्चही नव्हता. आमच्याकडून राहून गेली होती, एवढेच. जीमेल आणि याहूने तर फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. आपण तेवढी पत्रे पाठवीत नाही, म्हणून आपल्याला ते लागू नाही, असे आम्ही धरून बसलो.

मग आम्ही काय केले?

पहिल्या दिवशी सर्वांचे म्हणणे पडले, की लगेच 'परत लावा' असे लिहून टाका. संगणक विभागाने थांबवले, ते बरे झाले. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या पत्त्यांसाठी एकदम 'परत लावा' अशी नोंद केली, तेव्हा एका पत्त्यावरून अनेकांना पत्रे वाटणाऱ्या याद्यांमधील खरीखुरी पत्रेही परत जाऊ लागली होती.

म्हणून आम्ही आधी 'नुसती नोंद घ्या' असे लिहिले आणि येणारे अहवाल वाचू लागलो. त्यात दोन गोष्टी निघाल्या. ज्या बाहेरच्या कंपनीकडून ऊस बिलाची पत्रके ई-मेलने जातात, तिचा सर्व्हर आमच्या यादीत नव्हता. आणि ऑफिसातले कागद स्कॅन करून परस्पर ई-मेल करणारे यंत्रही यादीबाहेरच होते. एकदम दार लावले असते, तर चोराबरोबर सभासदांची बिलेही बाहेर राहिली असती.

ती नावे यादीत घालताना आणखी एक अडचण आली. एसपीएफचा नियम असा, की एका पत्राची खातरजमा करताना वहीत जास्तीत जास्त दहा चौकशा व्हाव्यात. 'अमक्याची यादीही आमचीच समजा' असे लिहिले की त्या यादीतल्या पोटयाद्याही त्यात मोजल्या जातात. दहाच्या वर गेले की सगळी नोंदच सदोष ठरते. आमच्या यादीत वर्षानुवर्षे साठलेली, सेवा बंद झालेल्यांची नावे तशीच पडून होती. ती काढली तेव्हा जागा झाली. मयत खातेदाराचे नाव न काढल्याने वारसांची जशी अडचण होते, तसलाच हा प्रकार.

मग शिक्का चालू केला, काही आठवडे अहवाल पाहिले, नंतर 'स्पॅममध्ये टाका' आणि शेवटी 'परत लावा' अशी नोंद केली. आज आपल्या कारखान्याचे हुबेहूब नाव लेटरहेडवर टाकून कोणी ई-मेल पाठवला, तर ही तपासणी करणारा सर्व्हर तो दारातच अडवू शकतो.

एवढ्याने निर्धास्त व्हावे का?

नाही. ते आताच सांगून ठेवतो. ही तपासणी पत्र त्या नावाकडूनच आले का, एवढेच सांगते. ते नाव भल्याचे की बुऱ्याचे हे सांगत नाही. स्लिप खरी आहे म्हणून ऊस चांगला आहे असे होत नाही. कारखान्याच्या नावात एखादे अक्षर बदलून कोणी नवे डोमेन घेतले आणि त्याची वही चोख ठेवली, तर त्याचा ई-मेल तिन्ही तपासण्यांत पास होईल. ओळखीच्या माणसाचा पासवर्डच चोरीला गेला, तरी तसेच.

यात शिकलेली माणसेही फसतात. गूगल आणि फेसबुक या कंपन्यांना २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियातील एका इसमाने, त्यांच्या तैवानी पुरवठादाराच्या नावाशी जुळणारी कंपनी काढून आणि त्या नावाने ई-मेल व खोटी बिले पाठवून, बारा कोटी डॉलरहून अधिक रकमेला फसवले. त्याला २०१९ साली अमेरिकेत पाच वर्षांची शिक्षा झाली. ज्यांनी जगाला ई-मेल वापरायला दिला त्यांचे हे झाले, तर आपण जपून राहिलेले बरे.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने एक चांगले पाऊल उचलले. बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपापली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाखाली न्यावीत, असे तिने २०२५ साली सांगितले. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. त्यामुळे नाव ओळखणे थोडे सोपे झाले आहे.

सभासदांनी एवढे करावे

१. ई-मेलमध्ये नुसते नाव पाहू नये, पूर्ण पत्ता उघडून पाहावा. 'ॲट द रेट'च्या पुढचे अक्षर न् अक्षर वाचावे.

२. संगणकावर जीमेल असेल, तर त्या पत्राच्या उजव्या कोपऱ्यातील तीन टिंबांवर 'शो ओरिजिनल' दाबावे. तेथे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांच्यापुढे 'पास' आहे का पाहावे, आणि ते कोणत्या डोमेनच्या नावाने आहे तेही पाहावे. आमची नेमकी तीच गफलत झाली होती. घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना हे दोन मिनिटांत जमते.

३. खाते क्रमांक बदलणे, ओटीपी, केवायसी असा मजकूर असेल, तर तपासणी पास असो वा नापास, ई-मेलमध्ये दिलेल्या नंबरावर फोन करू नये. आपल्या सभासद पुस्तिकेतील नंबरावर, किंवा सरळ गट ऑफिसात जाऊन विचारावे. कारखाना कोणाकडूनही ओटीपी मागत नाही.

४. पैसे गेलेच, तर लाज धरून घरी बसू नये. ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. आपल्या त्या सभासदाने दुसऱ्या दिवशी दुपारी कळवले. तोपर्यंत पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत फिरले होते.

५. कारखान्याच्या नावाने संशयित ई-मेल आला तर तो पुसून टाकू नये. तसाच ठेवून संगणक विभागाला दाखवावा. त्यावरूनच आम्हाला पुढची फट दिसते.

त्या सभासदाला आम्ही हे सर्व समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "म्हणजे वही तुमच्याकडं होती, फक्त एक ओळ लिहायची राहिली होती." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. ती ओळ आता लिहिली आहे. ती तशीच आहे की नाही हे यापुढे दर महिन्याला तपासले जाईल, आणि वार्षिक सभेत कोणाही सभासदाने त्याबद्दल जरूर विचारावे, ही नम्र विनंती.